तुम्हाला काय येते? : श्रीनिवास रामानुजन यांच्या जीवनातून मिळणारे उत्तर

सत्संगाला कोणी नवीन आले की आपण त्यांचे नाव विचारतो, गाव विचारतो आणि मग सहज विचारतो, तुम्हाला काय काय येते? कशाची आवड आहे? विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते. कोणाला गाता येत असेल तर भजनाला बसवता येईल, कोणाला हिशेब जमत असेल तर सेवेची वही देता येईल, एवढाच त्याचा हेतू असतो. पण ज्याला विचारले, त्याची मात्र थोडी पंचाईत होते.

हा प्रश्न तुम्हालाही कितीतरी वेळा विचारला गेला असेल. नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या बोलणीत, मुलांच्या शाळेत, नव्या शेजाऱ्यांकडे चहाला गेल्यावर. तेव्हा तुम्ही काय उत्तर दिले, ते जरा आठवून पाहा. बहुतेक वेळा आपले उत्तर दोनपैकी एका बाजूला झुकते. एक तर आपण आहे त्यापेक्षा थोडे जास्त सांगतो. दहा मिनिटे बोलतो आणि समोरच्याला आपले प्रशस्तिपत्र वाचून दाखवतो. नाही तर मान खाली घालून म्हणतो, छे हो, मला काही येत नाही. हे दुसरे उत्तर नम्रतेचे वाटते, पण मनात खोल डोकावले तर कित्येकदा तिथेही अहंकारच लपलेला सापडतो. समोरच्याने आग्रह करावा, आपले कौतुक दोनदा करावे, अशी ती इच्छा असते. किंवा आपण चुकलो तर हसे होईल, ही भीती असते. दोन्ही उत्तरांत आपले लक्ष आपल्याकडेच असते. ज्याने विचारले त्याच्याकडे नसते आणि ज्या परमेश्वराने ते कौशल्य दिले त्याच्याकडेही नसते.

मग योग्य उत्तर कसे असावे? याचा शोध घेताना एका माणसाचे जीवन डोळ्यांसमोर येते. त्याच्यासाठी हा प्रश्न चहाच्या गप्पांमधला नव्हता. त्याच्या उत्तरावर त्याचे दोन वेळचे जेवण अवलंबून होते. तो माणूस म्हणजे थोर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन.

पाटी, खडू आणि कोपर

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तमिळनाडूतील इरोड येथे, आजोळी झाला. बालपण गेले ते कुंभकोणम या मंदिरांच्या गावी. वडील एका कापडाच्या दुकानात कारकून होते. आई कोमलताम्मल मंदिरात भजने म्हणत असे. घर सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावरच होते. नामक्कल येथील नामगिरी देवी ही त्यांची कुलदेवता. घरात पैसा कमी, पण देवाचे नाव भरपूर, असे ते वातावरण होते.

घरात काही कॉलेजचे विद्यार्थी पैसे देऊन राहत असत. त्यांची गणिते लहानगा रामानुजन सोडवू लागला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याच्या हाती जी. एस. कार यांचे एक इंग्रजी पुस्तक आले. त्यात गणिताची सुमारे पाच हजार सूत्रे ओळीने मांडलेली होती, पण बहुतेकांच्या सिद्धता पूर्ण दिलेल्या नव्हत्या. दुसऱ्या कोणी ते पुस्तक मिटून ठेवले असते. या मुलाला मात्र तो जणू खजिना वाटला. एकेक सूत्र तो स्वतःच्या बुद्धीने सिद्ध करू लागला आणि मग पुस्तकात नसलेली सूत्रेही त्याला दिसू लागली.

१९०४ साली शाळा संपली तेव्हा त्याला गणिताचे पारितोषिक मिळाले आणि कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीही. पण मन गणिताशिवाय दुसरीकडे लागेना. इतर विषयांत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. निराश होऊन तो कोणाला न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. परत आल्यावर मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात नाव घातले, पण तिथेही एफ. ए.ची परीक्षा दोनदा बसून पार झाली नाही. हातात पदवी नाही आणि खिशात पैसा नाही, अशी स्थिती झाली. कागद महाग म्हणून तो गणित पाटीवर करायचा, कोपराने पुसायचा आणि शेवटी जे निघेल तेवढेच वहीत उतरवून ठेवायचा. पाटी पुसून पुसून त्याचे कोपर काळे आणि राठ झाले होते, असे त्याला पाहिलेले लोक सांगत.

१९०९ मध्ये जानकी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आता कमावणे भाग होते. आजारपणातून उठल्यावर रामानुजन आपल्या वह्या काखेत घेऊन कामाच्या शोधात घराबाहेर पडले. आणि दारोदारी त्यांना तोच प्रश्न भेटू लागला : तुम्हाला काय येते?

काखेतली वही

१९१० साली ते तिरुकोइलूर येथे डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. अय्यर हे स्वतः गणिताचे प्रेमी होते आणि तीनच वर्षांपूर्वी त्यांनी भारतीय गणित संस्था स्थापन केली होती. रामानुजन यांची मागणी अगदी साधी होती, कचेरीत एखादी कारकुनी मिळावी. येते काय, हे सांगण्यासाठी त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते. त्यांनी वही पुढे केली.

वही चाळल्यावर अय्यर यांनी त्यांना नोकरी दिली नाही. महसूल खात्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसवून अशी बुद्धी दडपून टाकायला आपण तयार नाही, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांनी मद्रासमधील आपल्या गणितज्ञ मित्रांच्या नावे शिफारसपत्रे देऊन रामानुजन यांना पुढे पाठवले.

इथे क्षणभर थांबूया. आपण असतो तर काय केले असते? भूक लागलेली असताना, घरी पत्नी आणि आई-वडील वाट पाहत असताना, आपण कदाचित स्वतःविषयी बरेच काही रंगवून सांगितले असते. किंवा दोनदा नापास झालेला माणूस म्हणून वही काखेतून बाहेरच काढली नसती. रामानुजन यांनी यातले काहीच केले नाही. ते स्वतःविषयी फार बोलले नाहीत, त्यांनी कामच पुढे ठेवले.

समोरच्याच्या पायरीवर

पुढची भेट अधिक बोलकी आहे. नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांच्याकडे रामानुजन यांना नेण्यात आले. रावसाहेबांनी त्या भेटीचे वर्णन पुढे केले आहे. बुटका, काहीसा स्थूल, दाढी न केलेला, फारसा स्वच्छ नसलेला एक तरुण आत आला. त्याच्या काखेत फाटकी वही होती आणि डोळे मात्र विलक्षण चमकत होते.

तरुणाने वही उघडून आपले शोध समजावायला सुरुवात केली. रावसाहेबांना गणित येत होते, पण हे त्यांच्या आकलनापलीकडचे होते. हा खरोखर विद्वान आहे की आपल्याला फसवतो आहे, तेच त्यांना कळेना. त्यांनी त्याला पुन्हा यायला सांगितले.

अशा वेळी माणूस दुखावतो. मी एवढे दाखवले तरी यांना समजत नाही, असे मनात येते. रामानुजन परत आले. आपल्या बोलण्यातले किती रावसाहेबांपर्यंत पोहोचते आणि किती पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून या वेळी त्यांनी आपली सोपी सूत्रे आधी दाखवली. ती सोपी असूनही छापील पुस्तकांत कुठे नव्हती. रावसाहेबांची खात्री पटली की हा माणूस असामान्य आहे. मग एकेक पायरी चढवत रामानुजन त्यांना आपल्या सर्वांत अवघड शोधांपर्यंत घेऊन गेले.

याच सुमारास आपल्या मुंबईचाही या कथेशी धागा जुळतो. रामानुजन यांनी मुंबईचे गणिताचे प्राध्यापक सल्डाणा यांना आपले काही काम पाठवले होते. ते काम पूर्ण उलगडले नाही, तरी हा माणूस लबाड नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. तो पत्रव्यवहारही रामानुजन यांनी रावसाहेबांना दाखवला. आपल्याविषयी शंका असेल तर रागावण्याऐवजी ती दूर करण्याचे साधन समोर ठेवावे, हे त्यांनी केले.

शेवटी रावसाहेबांनी विचारले की तुम्हाला हवे तरी काय? रामानुजन यांनी मान मागितला नाही, पद मागितले नाही. पोटापुरते मिळावे, म्हणजे संशोधन चालू ठेवता येईल, एवढेच त्यांचे मागणे होते. रावसाहेब त्यांना दरमहा २५ रुपये देऊ लागले.

साधकहो, ज्ञान असणे ही एक गोष्ट आणि समोरच्याच्या पायरीवर उतरून ते त्याच्या हातात देणे ही दुसरी. कोणी आपल्या आवडीविषयी विचारले की आपण कित्येकदा आपल्या उंचीवरून बोलू लागतो. वीणा वाजवणारा रागांची नावे सांगू लागतो, संगणक जाणणारा अवघड शब्द फेकतो. ऐकणारा मान हलवतो आणि मनातून दूर जातो. प्रेम असेल तर आपण आधी त्याला किती समजते ते पाहू आणि तिथून सुरुवात करू.

दोन पत्रे

दुसऱ्याच्या पैशावर बसून खाणे रामानुजन यांच्या मनाला रुचेना. ते पुन्हा काम शोधू लागले. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. तो अर्ज आजही वाचण्यासारखा आहे. मॅट्रिक झालो आहे, एफ. ए.पर्यंत शिकलो, काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, आपला सारा वेळ गणितात घालवत आहे आणि ही जागा दिल्यास कामाला न्याय देऊ शकेन असा विश्वास वाटतो, एवढाच त्याचा आशय आहे. कमतरता लपवलेली नाही, तिचे रडगाणेही नाही. क्षमता सांगितली आहे, पण फुगवलेली नाही.

१ मार्च १९१२ पासून दरमहा ३० रुपयांवर ते पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात काम करू लागले. तिथले मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार. संध्याकाळी दोघे पाट्या घेऊन बसत. रामानुजन दोन ओळींत उत्तर गाठायचे आणि नारायण अय्यर त्यांना म्हणायचे की माझ्यासारख्याला कळेल असे आणखी पायऱ्या घालून लिहा. ज्यांच्या हाताखाली नोकरी करायची, त्यांनाच गणिताच्या पायऱ्या समजावून सांगायच्या. पण या नात्यात कधी कटुता आली नाही. नारायण अय्यर हेच त्यांचे मोठे हितचिंतक झाले.

मग ते प्रसिद्ध पत्र आले. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना लिहिले. याआधी इंग्लंडमधील दोन नामवंत प्राध्यापकांकडून त्यांना निराशाच मिळाली होती. तरीही पत्राचा सूर कडवट नाही. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकले की आपण पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला वीस पौंड पगारावर कारकून आहोत. विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, शाळेचा नेहमीचा अभ्यासक्रम तेवढा केला आहे आणि मोकळा वेळ गणितात घालवला आहे. मग शोधांची पाने जोडली. शेवटी विनंती अशी की यात काही मोल आहे असे वाटले तर ते प्रसिद्ध व्हावे, आपण गरीब आहोत, आपल्याला अनुभव नाही, तेव्हा दिलेला कोणताही सल्ला मोलाचा वाटेल.

या पत्राकडे नीट पाहा. त्यात मी कोण आहे हे आहे, मला काय येत नाही हे आहे, मला काय सापडले ते आहे आणि मला कोणती मदत हवी तेही आहे. या चारही गोष्टी साध्या, सरळ शब्दांत आहेत. त्या सूत्रांत काही चुकाही होत्या. मूळ संख्यांविषयीचा त्यांचा एक दावा तर पुढे खरा ठरला नाही. पण जे खरे होते ते इतके अपूर्व होते की हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी एका रात्रीत ओळखले की हा कारकून फार वरच्या दर्जाचा गणितज्ञ आहे.

हार्डी यांनी उत्तरात सिद्धता मागितल्या. त्यावर रामानुजन यांनी लिहिले की आपल्याला एक मित्र मिळाला याचा आनंद आहे. आणि हेही लिहिले की आपण अर्धपोटी आहोत, बुद्धी टिकवायची तर अन्न हवे, म्हणून शिष्यवृत्ती मिळण्यास उपयोगी पडेल असे सहानुभूतीचे पत्र द्यावे. गरज सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. नम्रता म्हणजे गप्प बसून सोसणे नव्हे, सत्य साधेपणाने सांगणे हीसुद्धा नम्रताच आहे. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली.

केंब्रिजमधली शेगडी

समुद्र ओलांडण्यास घरातून विरोध होता. अखेर नामगिरी देवीचा कौल मिळाला, आईची संमती मिळाली आणि १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन मद्रासहून इंग्लंडला निघाले. काही महिन्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले. थंडी, एकटेपणा आणि त्यात शुद्ध शाकाहाराचे व्रत. भाज्या मिळणे कठीण झाले. ते खोलीतच स्वतः स्वयंपाक करत.

गणित ही त्यांची साधना होती, तर स्वयंपाक ही मायेची आवड होती. पी. सी. महालनोबिस हे पुढे थोर संख्याशास्त्रज्ञ झाले, तेव्हा ते केंब्रिजमध्ये विद्यार्थी होते. एकदा ते रामानुजन यांच्या खोलीवर आले. रामानुजन गॅसवर भाजी परतत होते. महालनोबिस यांनी एका मासिकातले कोडे वाचून दाखवले. एका रस्त्यावर ओळीने घरे आहेत आणि त्यांना १ पासून क्रमांक दिले आहेत. एका घराच्या डावीकडच्या सर्व क्रमांकांची बेरीज उजवीकडच्या सर्व क्रमांकांच्या बेरजेइतकी आहे. घरे ५० पेक्षा जास्त आणि ५०० पेक्षा कमी आहेत, तर त्या घराचा क्रमांक कोणता? उत्तर आहे २०४, आणि घरे २८८. महालनोबिस यांनी ते अंदाज बांधत सोडवले होते. रामानुजन यांनी हातातला चमचा न थांबवता एक असे उत्तर सांगितले की त्यात ५० ते ५०० ही अटच उरली नाही. घरे कितीही असोत, अशा सर्व रस्त्यांची उत्तरे त्या एकाच मांडणीत होती.

हे तुम्हाला कसे सुचले, असे महालनोबिस यांनी थक्क होऊन विचारले. इथे कौतुक झेलण्याची सुंदर संधी होती. रामानुजन यांनी मनात जे घडले तेवढेच सांगितले. कोडे ऐकताच उत्तर एका विशिष्ट प्रकारच्या, न संपणाऱ्या अपूर्णांकाचे असणार हे लक्षात आले, तो कोणता असे मनाला विचारले आणि उत्तर आले. बस्स. आणि भाजी परतणे चालू राहिले.

पण थोर माणसांचे जीवन सांगताना त्यांचे ठेचकाळणेही सांगावे, कारण तिथे ती आपल्याला जवळची वाटतात. एकदा एका भारतीय मित्राचे लग्न ठरल्याच्या आनंदात रामानुजन यांनी त्याला, त्याच्या वाग्दत्त वधूला आणि आणखी एका बाईंना जेवायला बोलावले. स्वतः रसम केले. पाहुण्यांनी स्तुती केली, दुसऱ्यांदा वाढून घेतले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा दोघी बायकांनी नको म्हटले. गप्पा पुढे चालू राहिल्या आणि थोड्या वेळाने सर्वांच्या लक्षात आले की यजमानच खोलीत नाहीत! रामानुजन ऑक्सफर्डला निघून गेले होते. चार-पाच दिवसांनी मित्राला तार आली, पैसे पाठवा म्हणून. परत आल्यावर त्यांनी सांगितले की आपण वाढलेले अन्न नाकारले गेले, याचे फार वाईट वाटले.

ज्या माणसाने गणितातली शंका, नकार आणि उपेक्षा शांतपणे पचवली, तोच माणूस एका वाटीभर रसमावरून दुखावला गेला. कारण परक्या देशात, आजारपण जवळ येत असताना, ते रसम म्हणजे त्यांचे घर होते, आई होती, कुंभकोणम होते. आपल्या मनातही असा एखादा कोपरा असतो, जिथे छोटासा नकारही सहन होत नाही. नोकरीतली टीका आपण ऐकून घेतो, पण आपण शिवलेल्या पिशवीला, रचलेल्या आरतीला, काढलेल्या रांगोळीला कोणी नाव ठेवले की मन मिटते. तो कोपरा ओळखणे ही सुद्धा साधनाच आहे. आणि दुसऱ्याच्या आवडीविषयी बोलताना तिथे त्याचे मन गुंतलेले असते, हे आपणही लक्षात ठेवायला हवे.

श्रेय कोणाचे?

रामानुजन आपल्या सुचण्याचे श्रेय नामगिरी देवीला देत. स्वप्नात देवीच्या कृपेने सूत्रे दिसतात, असे ते परिचितांना सांगत. हार्डी यांना ही गोष्ट पटणारी नव्हती, आणि त्यांच्याशी या विषयावर वाद घालण्याची रामानुजन यांना गरज वाटली नाही. पण एक गोष्ट विसरू नका. देवीची कृपा म्हणणारा हा माणूस रात्र रात्र पाटीवर घासत असे. त्याच्या दृष्टीने कृपा आणि कष्ट यांच्यात विरोध नव्हता. कष्ट आपल्या हातचे, फळ तिचे.

१९१८ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजचे फेलो. तोपर्यंत शरीर खंगले होते. लंडनच्या पटनी भागात ते आजारी असताना हार्डी भेटायला आले आणि आपल्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक नीरस वाटला, असे सहज म्हणाले. अंथरुणावरून रामानुजन यांनी लगेच सांगितले की ही फार मजेदार संख्या आहे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या रीतींनी मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या. १ आणि १२ यांच्या घनांची बेरीजही १७२९, आणि ९ आणि १० यांच्या घनांचीही. आजाऱ्याच्या खोलीत मित्र जड मनाने आला होता. रामानुजन यांनी आपले दुखणे सांगितले नाही. मित्राला नीरस वाटलेली गोष्ट त्यांनी आनंदाची करून परत दिली.

मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंड देण्याचे ठरवले, तेव्हा ११ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिले. आई-वडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत, आपला आवश्यक खर्च भागावा आणि उरलेला पैसा गरीब व अनाथ मुलांची फी कमी करण्यासाठी, शाळांत पुस्तके देण्यासाठी वापरावा, असे त्यांनी सुचवले. पुस्तकासाठी आणि कागदासाठी तळमळलेला मुलगा त्या पत्रातून बोलत होता. ज्या कौशल्याने त्याला अन्न दिले, त्याचे फळ त्याने दुसऱ्या मुलांच्या हाती ठेवले.

मार्च १९१९ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले आणि तिथून आपल्या प्रांतात परतले. प्रकृती सुधारली नाही. तरी शेवटच्या महिन्यांतही अंथरुणावर पाटी-कागद चालूच होते. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी हार्डी यांना आपला एक अगदी नवा शोध कळवला. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्या अखेरच्या काळातली पाने १९७६ साली केंब्रिजच्या एका ग्रंथालयात सापडली आणि गणितज्ञ आजही त्यांचा अभ्यास करतात. २०१२ पासून त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो.

आता तुमचे उत्तर

तुम्ही म्हणाल, ते रामानुजन होते, आमच्याकडे सांगण्यासारखे काय आहे? पण विचार करा. तिरुकोइलूरच्या कचेरीत शिरलेल्या त्या तरुणाकडे तरी जगाच्या दृष्टीने काय होते? दोनदा नापास झाल्याचा इतिहास आणि एक फाटकी वही. त्याने ती वही लाजून लपवली असती, तर एवढे मोठे धन पाटीवरच पुसले गेले असते. म्हणून मला काही येत नाही, असे म्हणताना सावध राहा. तुमच्या त्या एका वाक्याने कोणाची तरी मदत अडून राहते.

आज रात्री ध्यानाला बसण्यापूर्वी एक छोटा अभ्यास करा. एका कागदावर तुम्हाला येणाऱ्या किंवा आवडणाऱ्या तीन गोष्टी लिहा. स्वयंपाक, शिवण, बागकाम, हिशेब, पेटी वाजवणे, आजाऱ्याजवळ शांत बसून राहणे, काहीही असो. प्रत्येकीपुढे लिहा की ती किती येते, आणि किती येत नाही. मग लिहा की ती कोणाकडून मिळाली : आईकडून, गुरुजींकडून, एखाद्या मित्राकडून. शेवटी लिहा की ती आता कोणाच्या उपयोगी पडू शकेल.

पुढच्या वेळी कोणी विचारले की तुम्हाला काय येते, तेव्हा यातूनच दोन वाक्यांत उत्तर द्या. पेटी थोडी येते, वडिलांनी शिकवली, साध्या चाली वाजवू शकतो, गुरुवारी भजनाला बसू का? एवढे पुरे. त्यात खरेपणा आला, मर्यादा आली, कृतज्ञता आली आणि सेवाही आली. कोणी कौतुक केले तर ते झटकू नका. हसून स्वीकारा आणि मनातल्या मनात ज्याचे त्याला अर्पण करा. कोणाला तुमची आवड कळली नाही तर रागावू नका, एक पायरी खाली उतरून सांगा. तुमच्या रसमाची तिसरी वाटी कोणी नाकारली, तर पोट भरले असेल असे समजा. आणि आपले सांगून झाले की तोच प्रश्न प्रेमाने त्यांनाही विचारा. कोण जाणे, त्यांच्याही काखेत एखादी वही असेल आणि ती उघडून दाखवण्यासाठी ते कितीतरी दिवस कोणाची तरी वाट पाहत असतील.